दिवेवालीचा बाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवेवाली परत येतेय!

दुकानातच कळलं. समोर वक्तृत्व स्पर्धेचे सतरा चषक, कोरायच्या यंत्राची सुई 'द्वितीय क्रमांक'च्या पहिल्याच अक्षरावर, आणि फोन असा थरथरायला लागला की टेबलावरून खालीच पडला. उचलून बघते तर क्लबच्या गटावर एकशे चाळीस निरोप. भूगोलाच्या बाईंनी नुसतंच 'आआआआ' लिहिलेलं. वकीलसाहेबांचं — 'अधिकृत आहे. खात्री केली.' मी एवढ्या जोरात ओरडले की दारावरची पाटी करून घ्यायला आलेले गृहस्थ उठून उभेच राहिले. म्हटलं, घरचं माणूस सापडलं! "अरे वा, कधीपासून हरवलं होतं?" दहा वर्षं, म्हटलं. यात खोटं काय होतं?

त्या नादात द्वितीय क्रमांक बिघडला. तो चषक नव्याने करावा लागेल. करीन! आज मी सतराच्या सतरा नव्याने करीन.

४ फेब्रुवारी, बुधवार

मालिकेच्या नव्या भागांची झलक बावीस सेकंदांची. चौतीस वेळा पाहिली. अंतराळाच्या पार टोकाचं ते दीपस्तंभाचं स्थानक, मिट्ट काळोख, आणि एक हात येऊन कळ दाबतो. चेहरा नाही. पण मनगटावरचा भाजल्याचा डाग तोच!

नवरा म्हणाला, "ती मेली होती ना? तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस."

दीड दिवस, म्हटलं.

"मग तेव्हा मी केलेला स्वयंपाक फुकट गेला म्हणायचा."

याला काय कळणार. शेवटच्या भागात वीज एवढीच उरली होती की एक तर दिवा चालला असता, नाहीतर तिच्या खोलीतली हवा. तिने दिवा निवडला. अठ्ठावीस यानं त्या उजेडावर घरी पोहोचली. पडदा काळा झाला आणि मी, चाळिशीला टेकलेली, दुकान चालवणारी बाई, उशीत तोंड खुपसून रडले होते. त्या रडण्यातूनच तर क्लब झाला, नऊ जणांचा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळीकडे भांडणं पेटली आहेत! एक म्हणतो, पैशासाठी मेलेल्या बाईला उठवून बसवलं. दुसरी म्हणते, तुला आनंद सोसत नाही, तू घरी बस. एकाने तर 'ही खरी दिवेवाली नाही, जुळी बहीण आहे' यावर सहा पानं लिहिलीत. मी सहाही वाचली. मुद्दे तसे वाईट नाहीत.

खरं सांगायचं तर मलाही मधेच राग येतो. ती गेली म्हणून आम्ही एवढे हळहळलो. मग ते सगळं काय होतं? पण पुन्हा झलक लावते, हात दिसतो, आणि राग पळून जातो. काही अभिमान नाही मला.

७ फेब्रुवारी, शनिवार

धोबीखान्याच्या वरच्या खोलीत सभा. खालच्या इस्त्रीची वाफ फटींतून वर येत होती, वकीलसाहेबांचा चष्मा सारखा धुरकट होत होता, आणि तशातही ते बोलायचे थांबले नाहीत.

विषय एकच — बाकाचं काय करायचं?

नऊ वर्षांपूर्वी आम्ही बागेत तळ्याकाठी तिच्या नावाने बाक ठेवला. पाटी मी कोरली. 'दिवेवालीच्या स्मृतीस. सगळे घरी पोहोचेपर्यंत जागी राहिली.' पितळी, चार स्क्रूंची. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. उद्यान कार्यालयाचा अर्ज वकीलसाहेबांनी भरला होता. 'मृत्यूचं ठिकाण' — कामाच्या जागी. 'मृताशी नातं' — ऋणी. कारकुनाने वाचून "बिचारी!" म्हणत शिक्का मारला. कोणीही खोटं बोललं नाही, आणि कोणीही काही विचारलं नाही.

आता वकीलसाहेब म्हणतात, "जिवंत व्यक्तीच्या नावाने स्मृतिपाटी? हा तिचा अपमान आहे. काढली पाहिजे."

भूगोलाच्या बाई : "इतिहास असा उचकटून टाकता येत नाही."

"तुम्ही भूगोल शिकवता."

त्यावर बाई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

मत घेतलं. काढायची — सहा विरुद्ध तीन. सात मार्चला, पहिला भाग लागेल त्या सकाळी, सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून. मीही काढायच्या बाजूने हात वर केला. आनंदाच्या भरात होते.

८ फेब्रुवारी, रविवार

स्क्रू गंजलेत का बघायला बागेत गेले. बाकावर एक काका बसलेले. पंचाहत्तरीचे असतील, जाडजूड मनगटं, धुतलेला सदरा. मी पाटीशी वाकले तर म्हणाले, "थांबा, थांबा, आजची पुसायची राहिलीय." खिशातून रुमाल काढला, तोंडाची वाफ दिली, आणि पाटी अशी पुसली की मला माझंच नाक दिसायला लागलं.

रोज येतात म्हणे. सात वर्षं!

"तुम्ही ह्यांच्या नात्यातल्या का?"

मी म्हटलं, तशी... जवळची.

"चांगली बाई असणार. आमची अशीच होती. मी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचो. कधी परत येईन ते माझं मलाच माहीत नसायचं. पण कधीही या, खिडकीत दिवा चालू. दार वाजवायची वेळ आली नाही मला. आणि मी, तिला कधी साधं 'दमलीस का' विचारलं नाही." मग पाटीकडे बघून म्हणाले, "हे वाचलं आणि म्हटलं, आपली बसायची जागा हीच."

माझ्या पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर होता. पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.

९ फेब्रुवारी, सोमवार

काकांना सांगायला गेले होते. नाही सांगितलं. उद्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उद्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं! कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक एका दमात — की दिवेवाली ही बाई नाही, म्हणजे बाई आहे, पण टीव्हीतली, अंतराळातली, आणि आता ती मेलेलीही नाही, म्हणून पाटी काढायची आहे, आणि मला क्षमा करा.

काकांनी हातातल्या रुमालाकडे बघितलं. मग हसायला लागले. खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे सात वर्षं मी टीव्हीतल्या बाईला रुमालाने पुसतोय!" शेवटी ठसका लागला, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मीही हसत सुटले. तळ्यावरची बदकं लांब पोहत गेली.

हसून झाल्यावर पाटीवरून एकदा रुमाल फिरवला. म्हणाले, "पाटी राहू द्या ना पण."

मी शब्द दिला. आता तो पाळायचा कसा?

२१ फेब्रुवारी, शनिवार

सभेत सगळं सांगितलं. बायको गेलेला एकटा माणूस, त्याच्याकडे तिच्या नावाचं दुसरं काहीच नाही, आणि आपण टाळ्या वाजवत त्याची पाटी उचकटणार? आवाज चढला माझा. भूगोलाच्या बाईंनी डोळे पुसले. वकीलसाहेब तीन मिनिटं चष्मा पुसत होते — वाफ नव्हती तरी. म्हणाले, "वहिवाटीचा हक्क लागू होतो त्यांना." म्हणजे हो!

पुन्हा मत घेतलं. नऊ विरुद्ध शून्य. पाटी राहणार.

वर वकीलसाहेबांचीच सूचना — पहिल्या भागाला काकांना बोलवा. आपली दिवेवाली कोण ते त्यांनाही कळू दे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काका येतो म्हणाले. "आधीचं काही बघावं लागेल का?" एकवीस भाग आहेत, म्हटलं. घाबरले. गोष्ट मीच सांगितली, बाकावर बसून, हातवारे करून. यान कुठून येतं ते दाखवताना एका धावणाऱ्या बाईंना हात लागला.

७ मार्च, शनिवार

काय लिहू आणि काय नको!

संध्याकाळी पाचला खोलीत आम्ही नऊ आणि काका. धोबीखान्याची पांढरी चादर भिंतीवर ताणलेली, कडक इस्त्रीची. काकांना सगळ्यांत पुढची खुर्ची. दाढी करून आले होते.

गोष्ट अशी. अठ्ठावीस यानांची माणसं घरी सुखरूप आहेत, म्हातारी झाली आहेत. दिवेवालीच्या नावाने त्यांनी चौक बांधलाय, दर वर्षी भाषणं होतात. आणि एक दिवस त्यांच्यातलाच एक कप्तान सहज दुर्बिणीतून बघतो — दिवा अजून चालू! जातो. दार उघडतं. आत ती. केस पांढरेशुभ्र, मनगटावर तोच डाग. कप्तान हमसून रडतो, म्हणतो आम्हाला वाटलं तू... ती म्हणते, "दिवा चालूच होता की. कोणी बघायलाच आलं नाही."

 मग भूगोलाच्या बाई हुंदक्यातून म्हणाल्या, "आपण पण तेच केलं हो! आपण बाक केला!"

ती जगली कशी, तर म्हणे शेवटच्या यानाने जाताना जादाची बॅटरी तिच्या दाराशी सोडली होती. वकीलसाहेब उठून उभे — एका बॅटरीवर इतकी वर्षं हवा? हिशोब दाखवा! निम्मे त्यांच्या बाजूने, निम्मे त्यांच्या अंगावर. कोणीतरी उशी फेकली. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

आणि मग बघितलं, पुढची खुर्ची रिकामी. काका कधी उठून गेले कोणालाच कळलं नाही. त्यांची काठी दाराशी तशीच राहिली होती.

८ मार्च, रविवार

बाकावर काका नाहीत. काठी हातात घेऊन तासभर बसले. पाटीवर धूळ.

१० मार्च, मंगळवार

आजही नाहीत.

सगळी चूक माझी. ज्याची बायको गेली त्याला पुढच्या खुर्चीत बसवून मी काय दाखवलं? की मेलेलं माणूस दार उघडून समोर उभं राहतं. त्याचं तर कोणी उभं राहणार नाही. आम्हाला खेळ झाला, त्यांचा जीव गेला असेल. नवऱ्याला सांगितलं. त्याने थट्टा केली नाही, तेव्हा जास्तच वाईट वाटलं.

१४ मार्च, शनिवार

दुसरा भाग. काका नाहीत. दिवेवाली घरी परतली आहे आणि तिला झोपच येत नाही. भाग फार सुंदर होता. माझं लक्ष नव्हतं.

उद्यान कार्यालयात विचारलं. कारकून म्हणाला, "ते म्हातारे? आठवडाभर दिसले नाहीत." राहतात कुठे, त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. सात वर्षं माझ्या पाटीशी बसणारा माणूस, आणि मी त्यांना पत्ता विचारला नाही, नाव विचारलं नाही.

१६ मार्च, सोमवार

बाकावर जाऊन पाटी मीच पुसली.

२१ मार्च, शनिवार

दुकान उघडत होते तर काका समोर! नवा सदरा. मी काही बोलायच्या आत त्यांच्या मागून एक बाई पुढे आल्या — ठेंगण्या, केस पिकलेले, हातात प्रवासाची बॅग. "पाटी तुम्हीच केलीत ना? हे म्हणतात त्यात माझंच लिहिलंय. मग ते 'स्मृतीस' आधी काढा. मला काय धाड भरलीय? अकरा वर्षं बहिणीकडे राहतेय मी. एकदा न्यायला येतील, एकदा येतील, म्हणून वाट बघितली. आणि हे आले ते टीव्ही बघून!"

मी म्हटलं, कोरलेलं पुसता येत नाही, नवी पाटी करावी लागेल.

"करा की. लिहा — आता जागायची पाळी ह्यांची."