एकशे अठ्ठावीस चॅनल आणि एक शांत माणूस

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
आजपासून राग बंद. नवी वही, नवं पेन, नवा मी.
कारण तसं किरकोळ. शुक्रवारी माझ्या हातून एक स्टूल उडालं आणि मॅनेजरबाईंच्या केबिनच्या दारावर फुटलं. दार बंद होतं. बंद दाराला स्टूल लागणं म्हणजे काही मारामारी नव्हे. पण बाईंनी लेखी कागदच हातात ठेवला: या सभागृहात यापुढे एकदा जरी कोणावर हात उचलला, तर साउंडची खुर्ची मेहुण्याला. बावीस वर्षं मी बसलोय त्या खुर्चीवर! मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, इथलं कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघतो. त्याला इथे चिकटवला कोणी? मीच. आयत्या बिळावर नागोबा.
असो. शांत. दिवस पहिला.

३ मार्च, दुपारी ४
नवी साउंड कार्डं आली. दोन. तळहाताएवढी हिरवी पट्टी, कॉम्प्युटरच्या पोटात बसते. मेहुणा सांगत होता की भाऊजी, स्टेजवरचे सगळे माइक आता एका बारीक नेटवर्कच्या वायरीतून येणार. एकशे अठ्ठावीस चॅनल. उशीर फार तर सेकंदाचा हजारावा भाग. लहान तोंडी मोठा घास! मी स्टेजपासून बूथपर्यंत मनगटाएवढी जाड तांब्याची केबल ओढली तेव्हा हा शाळेत नाक पुसत होता.
एक कार्ड माझ्या बूथमधल्या मशीनला, दुसरं स्टेजमागे त्याच्या मशीनला. राखीव म्हणे. बस म्हणावं राखीव.
कार्ड खाचेत जाईना म्हणून मी हातोडीचा दांडा लावला. मेहुणा किंचाळला. कार्ड गेलं की आत.

४ मार्च
घरी बायकोने काचेचे ग्लास, कप सगळे माळ्यावर टाकले. आता स्टीलमध्ये चहा. ओठ भाजतो. बायकांना कधी कशाची आवड लागेल सांगता येत नाही.
दिवस दुसरा.

६ मार्च, गुरुवार
मीटिंग. १६ तारखेला चार वाजता साठ वादकांचा कार्यक्रम, नव्या सिस्टिमवर पहिलाच. मेहुणा बाईंना म्हणाला की तोपर्यंत जुनी केबल राहू द्या, भाऊजींना सवय आहे, अडचण आली तर बरी. सवय! म्हणजे मला नवं जमणार नाही, असं भर मीटिंगमध्ये.
तळपायाची आग मस्तकात गेली. आगीच्या लाल पेटीतली कुऱ्हाड काढली आणि स्टेजवर जाऊन केबलचे सात तुकडे केले. आठव्या घावाला पात्याचं टोक माझ्या बुटात गेलं. अंगठ्याला तीन टाके.
आता खूप हलकं वाटतंय. तुकडे केबलचे झाले, माणसाचे नाही, तेव्हा हे धरायचं नाही. दिवस चौथा.

८ मार्च, शनिवार
सिस्टिम बोलेना. स्टेजवर माइक चालू, बूथमध्ये स्मशानशांतता. सेटिंग मी स्वतः केलं होतं. सॅम्पल रेट म्हणून एक आकडा असतो, तो सगळीकडे अठ्ठेचाळीस होता, मी माझ्या कार्डावर शहाण्णव केला. दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट आवाज, यात शिकण्यासारखं काय आहे?
मेहुण्याने येऊन पुन्हा अठ्ठेचाळीस केलं. म्हणाला की नेटवर्कवर सगळ्यांचा आकडा एक लागतो, एकटा वेगळा वागला की त्याला बाकीचे ऐकू येत नाहीत. हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं. मुद्दाम.
एकच बुक्की. नाकावर. रक्त की-बोर्डवर सांडलं, आता S दाबला की दाबलेलाच राहतो.
बाईंनी विचारलं तर हा म्हणाला, शिडीवरून पडलो. पडलाही असेल. शिडी डुगडुगते, मी तीनदा सांगितलंय. त्याच्या तोंडाने तो शिडी म्हणतोय तर मी कोण बुक्की म्हणणारा? दिवस सहावा.

११ मार्च, मंगळवार
स्क्रीनवर सारखी लाल अक्षरं. हे जोडलेलं नाही, ते सापडत नाही. दिवसभर माणसाने किती ऐकून घ्यायचं? कोपर मारलं. मध्यभागी गेलं. काचा काढायला डॉक्टरने पाऊण तास घेतला.
नवी स्क्रीन सतराला येईल. अडत नाही. आवाज वरखाली करायचे फेडर हाताखाली आहेत, कान डोक्याला आहेत. स्क्रीन बघून मिक्स करणारे आंधळे.
दिवस नववा. स्क्रीन सरकारी मालमत्ता नाही हे तपासून घेतलं.

१३ मार्च, गुरुवार
आज जरा झालं.
दुपारी तीनच्या सुमारास मेहुणा माझ्या मशीनमागे वाकून वायर बघत होता. न विचारता. मी मागून कॉलर धरली. त्याने माझा हात पिरगाळला. मी त्याला रॅकवर आपटला. त्याने मला डोकं मारलं, माझा खालचा दात हलला. मग हाताला जे लागलं ते मी त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं. ती नेटवर्कची वायर होती. ओढली तशी कार्डातून निघून आली, टोकाचा प्लास्टिकचा चाप तुटला. तो निळा पडायला लागला तेव्हा मी सोडलं. मी स्वतःहून सोडलं, हे कोणी बघत नाही.
वायर परत खुपसली, वरून चिकटपट्टी. कार्डामागचा हिरवा दिवा लागला नाही. दिवा गेला असेल. दिव्यातून काही आवाज येत नाही.
हे मोजायचं की नाही, यावर विचार केला. सुरुवात त्याच्या डोक्याने झाली. दिवस अकरावा.

१४ मार्च
बायकोने भावाचा गळा आणि डोळा बघितला. जेवताना माझ्या ताटाशेजारची सुरी उचलून आत ठेवली. कापायचं काही नव्हतंच म्हणा.
भांडण नाही, म्हणजे घरात शांतता आहे. उदाहरण आपणच घालून द्यावं लागतं.

१५ मार्च, शनिवार
तालमीला गेलो नाही, दात ठणकत होता. संध्याकाळी बूथमध्ये हेडफोन टांगायला खिळा ठोकत होतो, तेवढ्यात मेहुणा दाराशी. काहीतरी सांगायचं होतं. मी वळलो, हातात हातोडी. तो तसाच मागच्या पावली गेला. कामात असलेल्या माणसाला त्रास देऊ नये, एवढी अक्कल आली म्हणायची.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
जिंकलो! जिंकलो!
सभागृह गच्च. साठ वादक. स्क्रीन नाही, नुसते कान. पहिल्या सुरापासून आवाज असा स्वच्छ की अंगावर काटा. मोठ्या व्हायोलिनसारखा तो सेलो दबतोय वाटलं, मी सेलो वर केला. चार सेकंदांनी आला वर. आणि म्हणे हजारावा भाग! ढोल मी खाली घेतले, ते घटकाभर ऐकेनात, मग झाले खाली. दोन वेळा तर मी फेडरला हात लावायच्या आतच बरोबर झालं. यालाच अनुभव म्हणतात.
शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बूथमधून वाकून तीनदा नमस्कार केला. बाई स्टेजमागे गेल्या, मेहुण्याशी बराच वेळ हात मिळवत होत्या. मला भेटल्या नाहीत. भरून आलं असेल.
खुर्ची माझीच. दिवस चौदावा. रागावर विजय म्हणतात तो हाच.

१७ मार्च, सोमवार. सकाळी १०
नवी स्क्रीन आली. लावली.
लाल अक्षरं.
माझं मशीन नेटवर्कवर नाही. कधीपासून, तेही लिहिलंय: १३ मार्च, दुपारी ३.१०.
खाली यादी. सभागृहाचे सगळे स्पीकर कोणाला जोडलेत? स्टेजमागच्या मशीनला. राखीव कार्डाला. पंधरा तारखेपासून.

१७ मार्च, १०.४०
कार्ड खराब. कंपनी चोर.

१७ मार्च, ११.१५
वायर बदलून बघितली. हिरवा दिवा लगेच लागला. कार्ड ठणठणीत आहे.

१७ मार्च, दुपारी १
म्हणजे काल दोन तास मी नुसते फेडर हलवत होतो. आणि तो तिकडे, एक डोळा सुजलेला, गळ्याला पट्टी, एकटा साठ जणांना सांभाळत होता. परवा हेच सांगायला आला होता दाराशी.
बायकोला फोन केला. तिला शनिवारपासून माहीत आहे. भावाला तीच म्हणाली होती की त्यांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे. मी विचारलं, का? म्हणाली की कार्यक्रमाच्या दिवशी कोणाचं काही फुटायला नको होतं.

१८ मार्च, मंगळवार
ठरवून गेलो. थँक्यू म्हणायचं. पाठ थोपटायची. एवढंच, काही जास्त नाही.
स्टेजमागे मेहुणा खुर्चीत बसून वायरी गुंडाळत होता. मी त्याच्या पाठीवर ठेवायला हात वर केला.
त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. वायरी खाली पडल्या. तीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यात मान घालून म्हणत होता की भाऊजी, मी कोणाला काही सांगितलेलं नाही. शिडीच म्हणालोय मी.
हात तसाच वर राहिला. खाली कसा घ्यायचा ते कळेना.
घरी आलो. बायकोने स्टीलच्या कपात चहा दिला आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. रोजच तिथे उभी राहते. आज बघितलं.
बाईंचा तो खुर्चीवाला कागद हत्यारांच्या पेटीत सापडला. उद्या तो घेऊन जायचं आणि शिडीचं खरं काय ते सांगायचं. दार हळू वाजवायचं.
दिवस शून्य.