घरच्यासारखा ओरडणारा माणूस

३ मार्च
स्थलांतरित कलाकारांच्या प्रदर्शनात माझं चित्र घेतलं. प्रदर्शनाचं नाव 'आपण सारे इथले'. वाचूनच पत्र चुरगळलं. तरी भाग घेणार. कुणीतरी दर्जा आणायला हवा. 'परकेपणा' देतोय. सहा फूट, सगळं राखाडी, दोन वर्षांची तपश्चर्या. बायकोने विचारलं, रंग कधी भरणार.

१० मार्च
मीटिंग. संयोजक बाईंनी एकेकाला मिठी मारली. शर्टाला अजून अत्तराचा वास मारतोय. बाकीचे कलाकार म्हणजे एक रिटायर्ड नर्स (फुलदाण्या), एक बेकरीवाला (समुद्र, तोही गुलाबी) आणि आमच्याच वरच्या मजल्यावरची, ड्रायव्हिंग शिकवणारी बाई. हिने गेल्या वर्षी ब्रश धरला. म्हणाली, चित्रं शेजारी-शेजारी लावू. मी संयोजक बाईंना बजावलं, मला मोकळी भिंत लागते.
ठराव: उद्घाटनाला हसायचं नाही. फुकटच्या बिस्किटांना शिवायचं नाही.

११ मार्च, सकाळ
वरची बाई मध्यरात्री टेबल सरकवते. जिन्यात गाठून चांगली झापली. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. दबली.

४ एप्रिल
'परकेपणा' टॉयलेटच्या बोळात लागलाय. मोकळी भिंत तिथेच होती म्हणे. असो. तिथे प्रत्येकाला यावंच लागतं.

५ एप्रिल, उद्घाटन
ओकारी येईल इतका गोडवा. सगळी गर्दी एकाच चित्रापुढे. कोपरं मारत पुढे घुसलो तर चित्रात मी. पायजम्यात, जिन्यात, बोट उगारलेलं, कपाळाची शीर फुगलेली. वरच्या बाईचा प्रताप. खाली लिहिलंय: 'या देशात आल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलले. घरच्यासारखा ओरडला तो फक्त हा.'
तिला म्हटलं, परवानगी कुणाची घेतली. तिने डोळे पुसत मिठी मारली. नर्सने विचारलं, आमच्याही जिन्यात याल का.
निषेध म्हणून बिस्किटं खाल्ली. बरीच.

८ एप्रिल
चित्र काढून घेण्याची धमकी दिली. संयोजक बाई म्हणाल्या, चालेल, तिथे टॉवेलचं कपाट ठेवू. मोठ्या मनाने धमकी मागे घेतली.
लोक फोटो मागतात, बोट उगारून. साफ नकार दिला. मग एकदाच उगारलं. मग रांग लागली.

१२ एप्रिल
बोळात उभा राहून एका गृहस्थाला 'परकेपणा' समजावला. तो सारखा पाय बदलत होता, कपाळावर घाम. इतका हेलावलेला प्रेक्षक आजवर भेटला नव्हता. शेवटी मला बाजूला सारून आत पळाला. भावना अनावर झाल्या असणार.

२० एप्रिल
प्रदर्शन संपलं. वरच्या बाईचं चित्र लायब्ररीने घेतलं, कायमचं. माझं मी घरी आणलं. आता माणसांशी संबंध नको. एकांतात मोठं काम हाती घेणार.

२१ एप्रिल
वरच्या बाईला माझं दुसरं चित्र काढायचंय. मी नाही म्हणणारच होतो. बायकोने परस्पर सांगितलं, घरीच असतो, कधीही बोलवा.
उद्या दहाला बसायचंय. नाव ठरलंय, 'शेजारी, हसताना'. आरशापुढे तासभर सराव केला. बायकोने दारातून विचारलं, पोटात दुखतंय का.