लेनाची शेवटची दहा मिनिटं

प्रिय आर्ने,

कालपासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. आज लॅबमध्ये दोनदा चुकीचा नमुना उचलला, मग सायकल काढून सरळ घरी आले. तू जाऊन आठ महिने झाले, तुझी टीम आता मी सांभाळते, आणि काल मी जे केलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बाहेरगावच्या मॅचला जाताना रेल्वेत तू तुझी हकिगत तुकड्यातुकड्यांनी सांगायचास. नॉर्वेतल्या मासेमारीच्या गावातून तू एकविसाव्या वर्षी जर्मनीत फुटबॉल खेळायला, स्ट्रायकर म्हणून आलास, गोलांवर गोल केलेस. मग गुडघा दुखायला लागला. ट्रेनर म्हणाला, इंजेक्शन घे आणि खेळ. तू घेत राहिलास. सत्ताविसाव्या वर्षी खेळ संपला. पुढे तू कोच झालास, तोही कुठल्या मोठ्या क्लबात नाही, एर्लांगेनमधल्या आम्हा हौशी बायकांचा.

हे सगळं माहीत असून मी तुला काय बोलले! हंगामाच्या शेवटच्या मॅचला माझा घोटा सुजला होता. तू मला बाकावर बसवलंस, आपण हरलो, खालच्या लीगमध्ये गेलो. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तुझं करिअर बुडालं म्हणून आमचं बुडवू नकोस." तू बॉल गोळा करत राहिलास. मी परत आलेच नाही. एक फोन तरी करायचास ना?

तुझ्या अंत्यविधीला हाइकेने, तुझ्या बायकोने, मला बाजूला घेतलं. तू तिला म्हणाला होतास, "मुग्धा रागावली ते बरं झालं. मी माझ्या ट्रेनरवर कधी रागावलोच नाही. हो म्हणत राहिलो." ते ऐकूनच मी परत आले आणि तुझी टीम हाती घेतली.

आणि काल लेनाचा गुडघा दुखावला. एकोणीस वर्षांची पोर. म्हणाली, काही झालं नाही, खेळते मी. ती लंगडतेय हे मला दिसत होतं. पण स्कोअर एक-एक होता, दहाच मिनिटं उरली होती. मी तिला खेळू दिलं. तिने गोल केला आणि तिथेच खाली बसली. बाकीच्या नाचत होत्या. क्षणभर मीसुद्धा नाचले रे.

सकाळी तिचा मेसेज आला: माझ्यावर विश्वास ठेवलास, थँक्स. तेव्हापासून मला बसवत नाहीये.

मंगळवारी तिचा एमआरआय आहे. मी सोबत जाणार. तुला शब्द देते, रिपोर्ट यायची वाट बघणार नाही. ती आत जायच्या आधीच सांगेन की तुला खेळवायला नको होतं, चूक माझी. मग ती काय बोलेल ते ऐकून घेईन.

तुझी,
मुग्धा