घोड्याच्या पायावर लिहिलेले नाव

दिनांक : ९ मार्च २०२५

प्रति,
सौ. हिमानी वर्तक,
अध्यक्षा, मैत्रबन मराठी मंडळ,
वेस्ट विंडसर, न्यू जर्सी.

विषय : आमच्या मालकीचे चित्र, त्यावर मंडळाने रंगविलेल्या अक्षरांसकट, येत्या बुधवारी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) शिवजयंतीच्या प्रदर्शनासाठी आपण केलेली तोंडी विनंती. २) सचिवांचा व्हॉट्सअॅपवरील "बघतो मावशी" हा संदेश.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविते की, घोडदळाच्या प्रदर्शनासाठी आपण स्वतः आमच्या घरी येऊन, चहा घेऊन, दिवाणखान्यातले चित्र आठवड्याच्या बोलीवर मागून नेले. घोडे असलेले काहीही चालेल, असे आपण म्हणाला होता. चित्र एका जुन्या डच चित्राची कोणीतरी केलेली नक्कल आहे. माझे यजमान डॉ. चारुदत्त रेगे हे घोड्यांचे डॉक्टर. इथल्या एका तबेल्याच्या मालकिणीची अडलेली घोडी त्यांनी रात्रभर खपून मोकळी केली, शिंगरूही वाचवले, तेव्हा तिने आपल्या भिंतीवरचे हे चित्र उतरवून त्यांच्या हातात दिले.

२. चित्रात लढाई नाही. शिपाई आहेत, पण आपापल्या कामात. एक खोगिराचा पट्टा आवळतो आहे, एक उभ्या उभ्या घोट घेतो आहे, एक बूट काढून तळवा बघतो आहे. कडेला एक बाई पोराला पाजते आहे. मधोमध पांढरा घोडा, मागचा पाय लोहाराच्या मांडीवर दिलेला, मान वळवून बघतो आहे की हा बाबा माझ्या पायाचे करतो तरी काय. वर भरून आलेले आभाळ, खाली कुणालाच घाई नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सचिव श्री. गुरुनाथ टिपणीस यांनी चारचौघांत मला विचारले, "मावशी, यातला एकही लढत कसा नाही?" मी म्हटले, लढायला जायचे तर आधी नाल ठोकावी लागते. ते हसले. तेव्हाच चित्र काखोटीला मारून घरी जायला हवे होते.

३. चित्र परत आले नाही. विचारायला आम्ही दोघे गेलो, तर ते नव्या हॉलच्या भिंतीत स्क्रूने पक्के बसविलेले होते, आणि चित्रातल्याच खालच्या मातीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिले होते : "सप्रेम भेट. कै. डॉ. चारुदत्त रेगे यांच्या स्मरणार्थ." माझे यजमान शेजारी उभे राहून ते वाचत होते. पातेल्यावर, पंख्यावर, देवळातल्या बाकावर नाव घालायची आपल्या लोकांची रीत मला ठाऊक आहे. माझ्या लग्नातल्या पातेल्यांवर अजून माझ्या मामांची नावे आहेत. पण पातेल्यावर नाव बाहेरून घालतात, भातात घालत नाहीत.

४. श्री. टिपणीस यांचे म्हणणे असे पडले की, नाव पडले म्हणजे वस्तू मंडळाची झाली. राहिले "कै.", तर ते बदलायला कार्यकारिणीपुढे हयातीचा दाखला ठेवावा लागेल. यजमानांनी त्यांना वाकून नमस्कार केला. दाखला म्हणून तो चालला नाही.

५. मी आवाज चढवल्यावर दुरुस्ती झाली, तीही आम्हांला न विचारता. "कै."वर पिवळा पट्टा फिरवून त्याच्या वर "श्री." काढले. जागा पुरेना, म्हणून घोड्याच्या उचललेल्या पायावर काढले. आता घोडा तीन पायांचा आहे आणि लोहार स्वतःच्या मांडीवर हातोडी मारतो आहे. "यांच्या स्मरणार्थ" तसेच आहे. यावर श्री. टिपणीस म्हणाले, "डोन्ट वरी मावशी, फोटोशॉपमध्ये पाय लावून मोठा प्रिंट काढून देतो." ते हे चेष्टेने म्हणाले असते तर मी सहन केले असते.

६. आता जे लिहिते ते आपण बसून वाचावे. यजमानांच्या मानेच्या मणक्याचे ऑपरेशन सोमवारी, १७ तारखेला आहे. न केले तर हात जाणार. केले तरी बोटांची बारीक कामे परत येतील याची हमी सर्जन देत नाहीत. चित्रावरचा हा पिवळा रंग अजून पुरता धरलेला नाही, खाली जुने वार्निश आहे, कापसाच्या बोळ्याने हळूहळू सुटेल, असे यजमानांचे मत आहे. आणि तो त्यांना स्वतः काढायचा आहे. एवढ्यासाठी त्यांनी ऑपरेशनची आधीची तारीख कॅन्सल केली. आमचा मुलगा नील ईडन प्रेरीहून फोनवर ओरडला, मी भांडले, रडले. आयुष्यभर घोड्यांचे पाय मांडीवर घेतलेला हा माणूस कधी कुठल्या हट्टाला पेटला नव्हता. मला शांतपणे म्हणाला, "आधी त्या घोड्याचा पाय सोडवून आण, मग माझ्या मानेचं बघू."

७. रविवारी उद्घाटन असल्याने भिंत मोकळी ठेवता येणार नाही आणि नंतरच्या बैठकीत विषय घेऊ, असे आपण कळविले आहे. भिंतीला पडदा लावा, तोरण लावा, कार्यकारिणीचा ग्रुप फोटो लावा. बुधवारी, १२ मार्चला सकाळी दहा वाजता मी स्क्रूड्रायव्हर घेऊन हॉलवर येत आहे. तोवर ब्रश घेऊन कोणीही त्या चित्राजवळ जाऊ नये. आणखी दुरुस्ती नको, दिलगिरी नको, स्टेजवर सत्कार तर मुळीच नको. दार बंद असले तर मी पायरीवर बसेन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, आपल्या पाहुण्यांना, ढोलपथकाच्या पोरांना, मी का बसले आहे ते सविस्तर सांगेन. मला सांगता येते, हे आपण गेली कित्येक वर्षे भोंडल्याला ऐकले आहे.

घोड्याचा पाय मोकळा झाला की त्याच हातांनी यजमान ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करणार आहेत. कागद माझ्या पर्समध्ये आहे, पेनही आहे. आपण फक्त दार उघडा.

नम्रता आटलेली, तरी अजून आपली सभासद,

(सही)
सुनेत्रा चारुदत्त रेगे

सोबत : प्रदर्शनानंतर मंडळाने घरी पाठविलेली शाल, घडी न मोडता परत.