कार्ड ज्याचं, ताट त्याचं

सोमवार, ४ ऑगस्ट
आजपासून नोंद ठेवायची. मी सातवी पास, पण अक्षर चांगलं आहे.
घरच्यांनी मला नांदगाव खंडेश्वरहून इथं अमरावतीला पाठवलं ते नातीची सोबत म्हणून. आरती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भाड्याच्या खोलीत पोरगी एकटी, काळजी वाटते. सकाळच्या पोळ्या ती करून जाते. संध्याकाळी तिला कॉलेजच्या मेसचं ताट आहे. माझं मी करून खायचं, असं ठरलं आहे. सुनेनं तांदूळ, तुरीची डाळ, तिखट सगळं बांधून दिलं आहे. उद्यापासून सुरू करतो.
मेस विद्यार्थी मंडळाची आहे आणि आरती त्या मंडळाची मेंबर. मला आधी भीती वाटली. मंडळ म्हणजे मोर्चा, मोर्चा म्हणजे पोलीस. पण तिनं समजावून सांगितलं, की मेंबरला अभ्यासिका मिळते, जुनी पुस्तकं मिळतात, एसटीच्या पासला मदत होते, डोळे तपासून देतात आणि रोज संध्याकाळी एक ताट. ताटाचं ऐकल्यावर भीती बरीच कमी झाली.

मंगळवार, ५ ऑगस्ट, संध्याकाळ
गॅसची शेगडी पेटवताना फस्स करते. बंद केली. जीव महत्त्वाचा.
आरती प्रॅक्टिकलला. तिचं कार्ड खोलीवरच राहिलं होतं, ते द्यायला मेसमध्ये गेलो. ती आलेली नव्हती. वाढणाऱ्या इंदूबाईनं विचारलं, "जेवता का आबा?" आपल्याकडे कोणी जेवायचं विचारलं आणि आपण नाही म्हटलं, तर विचारणाऱ्याचा अपमान होतो. मी अपमान केला नाही. तिनं कार्डाला भोक पाडलं.
आरती उशिरा आली. म्हणाली, "मले भूक नाही आबा. डिपार्टमेंटमधे बिस्किटं खाल्ली." म्हणजे ताट वाया गेलं असतं. वेळेवर पोहोचलो.

गुरुवार, ७ ऑगस्ट
आज खिचडी नक्की टाकणार होतो. पण गुरुवारी मेसमध्ये वांग्याची भाजी आणि भाकर असते. कार्ड टेबलावरच होतं.
आरतीला आजही भूक नव्हती. आजकालच्या पोरी डाएट करतात. डाएट वाईट, असं तिला समजावलं. ती हसली आणि मुरमुरे खात बसली. मुरमुरे तिला लहानपणापासून आवडतात.

रविवार, १० ऑगस्ट
घरून बायकोचा, कौसल्येचा फोन. दुसरं काही नाही, एकच प्रश्न, "पोरगी जेवते का बरोबर?" मी म्हटलं, जेवते. मुरमुरे हेही धान्यच आहे.
फोन ठेवल्यावर छातीत धडधड झाली. बहुतेक मेसची डाळ जड पडली. उद्यापासून घरी.

बुधवार, १३ ऑगस्ट
मंडळानं डोळे तपासणी ठेवली होती. रांगेत उभा राहिलो. डॉक्टरनं विचारलं, कोणत्या वर्षाला? मी म्हटलं, शेवटच्या. ते हसले, डोळे तपासले आणि चष्माही दिला. खोटं बोललो नाही.
मग अभ्यासिकेत पेपर वाचला. पंखा चांगला आहे. जेबानं उठवलं. ही आरतीची मैत्रीण, अकोल्याकडची, बार्शीटाकळीची, तोंडानं फटकळ. म्हणे, "आबा, घोरून नका राहू, पोरं परीक्षेचा अभ्यास करून राहिले." मी घोरत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट
मंडळाची निवडणूक लागली. आरती मेस सचिव पदाला उभी! तिचं म्हणणं असं, की बाहेरचे लोक दुसऱ्याच्या कार्डावर जेवून जातात आणि शेवटी येणाऱ्या पोरांना नुसतं वरण उरतं. ऐकून माझं डोकं फिरलं. कोण आहेत हे लोक?
घोषणा मी सुचवली: कार्ड ज्याचं, ताट त्याचं. आरती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक कौतुकानं. मग म्हणाली, "चांगली हाय आबा. हेच ठेवू."
संध्याकाळी जेवता जेवता प्रचार केला. फुकट्यांना लाज वाटली पाहिजे, असं टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं. पोरं फार हसत होती, म्हणजे पटत होतं. जेबा म्हणाली, "आबा, तुमी घरी बसा. तोच मोठा प्रचार होईन." माझ्या तब्येतीची काळजी करते. फटकळ असली तरी पोरगी चांगली.

सोमवार, १८ ऑगस्ट
खिचडी टाकली. जरा पाठ टेकली. उठलो तेव्हा खोलीत धूर. भांडं ट्रंकेमागं ठेवलं, घासायचं नंतर बघू. मेसला गेलो. हा शेवटचा दिवस.

गुरुवार, २१ ऑगस्ट
हे लिहू की नको, असं झालं आहे.
आज मेसमध्ये उमेदवारांची भाषणं होती. मी पुढच्या टेबलावर, ताट घेऊन. आरती चांगली बोलली. शेवटी माझी घोषणा दिली, पोरांनी टेबलं वाजवली. मीही वाजवलं. मग तिच्या विरोधातला श्याम उठला. म्हणाला, "कार्ड ज्याचं, ताट त्याचं, कबूल. मंग आबाचं कार्ड कोन्या वर्षाचं हाय, थे सांग ना वं!" सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात घास.
मला वाटलं आरती म्हणेल, पाहुणे आहेत. ती म्हणाली, "आबा माह्या कार्डावर जेवतात. ज्या दिवशी ते जेवतात, त्या दिवशी मी जेवत नाही. एक कार्ड, एक ताट. इंदूबाईले विचारा."
इंदूबाईनं मान हलवली. जेबा जोरात बोलली, "खोलीवर मुरमुरे खाऊन झोपते बावळी! म्हाताऱ्या माणसाले ताटावरून उठवू काय, म्हन्ते." कोणी हसलं नाही. श्यामही खाली बसला.
घास गिळला. टाकून देणं बरं दिसलं नसतं.
डाएट नव्हतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर. पण मी विचारलं होतं का? भूक नाही म्हणाली, मी सोयीचं तेवढं ऐकलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा
कौसल्येचा फोन आला. उचलला नाही. ती काय विचारणार ते माहीत होतं.
आरतीला सांगितलं, आजपासून तुझं ताट तुझं. ती म्हणाली, "अन् तुमी काय खासान?" मी म्हटलं, खिचडी. तिनं ट्रंकेमागचं भांडं काढलं, राखेनं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. तिला माहीत होतं.
त्या भांड्याकडे पाहवत नाही. आज सकाळच्या पोळीवर भागवलं.

सोमवार, २५ ऑगस्ट
आरती निवडून आली!! श्याम स्वतः खोलीवर पेढे घेऊन आला. माझ्या पाया पडला. म्हणे, "आबा, तुमीच जिकवलं तिले." मला थोडं तसं वाटतच होतं. घोषणा कोणाची?
आणि नवीन सचिवाचा पहिला ठराव: उद्या मंडळातर्फे माझा सत्कार. मानद सदस्य करणार! सातवी पास माणूस कॉलेजात मेंबर. कौसल्येला मी होऊन फोन केला. ती म्हणाली, "पोरगी जेवते का?" मी म्हटलं, सत्कार आहे. ती म्हणाली, "थे नाही विचारलं मी."

मंगळवार, २६ ऑगस्ट, दुपार
शाल, नारळ, हार. जेबानं फोटो काढला. श्याम बोलला, आबांमुळे मंडळाला नियमाचं महत्त्व कळलं. टाळ्या थांबत नव्हत्या. डोळे भरून आले. त्या चष्म्याचा नंबर बहुतेक बरोबर नाही.

तीच तारीख, संध्याकाळ
मानद सदस्य झाल्यावर मेसला न जाणं म्हणजे मंडळाचा अवमान. शाल पांघरून गेलो. वाढायच्या खिडकीजवळच माझा हारातला फोटो लावलेला. खूप बरं वाटलं. ताटासाठी हात पुढं केला.
इंदूबाई हळूच म्हणाली, "आबा, मानद मेंबराले ताट नसते." म्हटलं, कोण म्हणतं? म्हणाली, "नवीन सचिव म्हन्ते. ताट नाही, अभ्यासिका नाही, डोळे नाही. फकस्त मान. वाढनाऱ्या बाया बदलत राहतात ना, ओळखू यावं म्हनून फोटो लावला."
आत आरती जेवत होती. वरण, भाजी, भाकर. मान खाली घालून, भराभर, खूप दिवसांची भुकेली जेवते तशी. माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी खिडकीपासून बाजूला झालो.
परत येताना वाटेत थोडा थांबलो. ते लिहिण्यासारखं नाही.
खोलीवर येऊन शेगडी पेटवली. फस्स केलं, तरी पेटवली. खिचडी केली. या वेळी उभा राहिलो. खाली लागली, पण वरची बरी होती.
आरती आली, वास घेतला. भांड्यात पाहिलं, मग माझ्याकडे. म्हटलं, तुझ्यासाठी केली, मंगळवारी मेसची भाजी कमी पडते. ती जेवून आलेली, तरी बसली. वाढून घेतलं. म्हणाली, "आबा, तुमी घ्या ना."
एवढे दिवस तिनं जे केलं, ते एकदा तरी मी करायचं, असं ठरवलं होतं. म्हटलं, मले भूक नाही.
माझ्या मनाला फार समाधान वाटलं. डोळे पुन्हा भरून आले.
ती घास चावत होती. चावून झाल्यावर म्हणाली, "आबा, मिशी पुसा. कचोरीची चटणी लागली हाय."