टाळाटाळ रक्तात नाही

४ मार्च
पहाटे कपाट सरकवत दाराला टेकवणार, तेवढ्यात ही उठली. म्हणाली, परत? म्हटलं, भिंतीला ओल आहे. म्हणाली, ओल खिडकीकडच्या भिंतीला आहे. सकाळी सकाळी उलट उत्तरं.
संकल्प: आजपासून सलग झोप.

६ मार्च
हिने परस्पर लष्करी दवाखान्यात माझा नंबर लावला. आघातानंतरचा ताण म्हणे. वर धमकी: या वेळी उपचार सुरू झाले नाहीत तर मी लेकीकडे जाते, कायमची. म्हटलं, निवृत्तीच्या वेळी तपासणी झाली आहे, मी नॉर्मल आहे. म्हणते, आता नियम बदललेत. नियम बदलल्याने माणूस आजारी पडतो हे नव्यानेच कळलं.
ती तपासणी मला लख्ख आठवते. डॉक्टरांनी विचारलं, ताफ्यातली तुमच्या पुढची गाडी स्फोटात उडाली तेव्हा भीती वाटली? हतबल वाटलं? म्हटलं, नाही सर! भीती वाटली असेल तरच आजार, असा तेव्हाचा नियम. आमच्या अख्ख्या तुकडीत एकही आजारी निघाला नाही. दार उघडं होतं, बाहेरच्या रांगेला सगळं ऐकू जात होतं.

९ मार्च
वहिनीचा फोन. म्हणजे त्या उडालेल्या गाडीच्या ड्रायव्हरची बायको. घेतला नाही. कामात होतो. (नखं कापत होतो.) बोलायचं आहेच, सवडीने. ही म्हणाली, इतक्या वर्षांत सवड झाली नाही का तुम्हाला? वाद घालायचा नाही असं ठरवलंय, म्हणून बाहेर गेलो.
कुकरची शिट्टी फेकून दिली. भात पातेल्यात मोकळा होतो. हिला पटत नाही.

१२ मार्च, दुपार
दवाखाना. डॉक्टरीण लेकीच्या वयाची. माझी खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवलेली, ती भिंतीला लावून घेतली. उजेडाचा प्रश्न.
म्हणाली, साहेब, भीतीचं आम्ही आता विचारत नाही. तुम्ही लोक 'नाही'च म्हणता. त्यात खरे आजारी निसटत होते, म्हणून ती अट काढली. वाईट वाटलं. त्याचीच तयारी करून गेलो होतो.
झोप, स्वप्नं, दचकणं, चिडचिड. सगळं खरं सांगितलं. हिने आधीच फोन करून ठेवला होता, इलाज नव्हता. शेवटी डॉक्टरणीने विचारलं, त्या दिवसाची आठवण येईल असं काही टाळता का? माणसं, आवाज, जागा? नव्या नियमात हे असावंच लागतं.
टाळतो? मी? म्हटलं, मॅडम, अख्ख्या नोकरीत एक ड्युटी टाळली नाही. टाळाटाळ रक्तात नाही. म्हणाली, साहेब, कामचुकारपणाचं नाही विचारत मी. म्हटलं, उत्तर तेच. लिहा.
तिने पेन खाली ठेवलं. बाकी सगळं जुळतंय, हे एक सोडून. असं निदान मला लिहिता येत नाही, म्हणाली. घरी बोला आणि परत या. बरं म्हटलं. जाणार नाही.

१२ मार्च, संध्याकाळ
पास! जुन्या नियमाने पास, नव्यानेही पास. हिला दारातूनच सांगितलं. ती खालीच बसली. मग विचारलं, वहिनीच्या फोनचं सांगितलंत? कुकरचं? म्हटलं, त्याला टाळणं नाही, नियोजन म्हणतात. म्हणाली, मग माझंही नियोजन ऐका. मोठी बॅग काढली.
घाबरायचं कारण नाही. सकाळी स्टँडपर्यंत सोबत जाईन, बॅग मी उचलेन, वाटेत समजूत काढेन. स्टँड येईपर्यंत विरघळेल. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

१३ मार्च
ती सकाळच्या बसने लेकीकडे गेली. स्टँडच्या रस्त्यावर खडी फोडायचं मशीन लागलंय, धाडधाड चालू असतं. मी कोपऱ्यापर्यंत गेलो. पुढे बॅग तिने नेली.