बाबांची घागर

नगर, ता. ८ एप्रिल १९३१

तीर्थरूप माय, तुझ्या पायांवर डोकं ठेवून तुझा लेक पुना लिहितो. धाकट्या गिरधरकडून वाचून घे.

मी खुशाल आहे. मिशनच्या सुतारखान्यात काम बरं चाललंय. भाकरी तेवढी तुझ्यासारखी मिळत नाही. माझ्यामुळे गल्लीतल्या बाया तुला टाळत नाहीत ना? खरं कळव.

कौतिककाकांचं कार्ड आलं. बाबा गेल्यावरची ही पहिली अक्षय्य तृतीयेची आखाजी, पण मी ख्रिस्ती झालो म्हणून बाबांच्या नावाची पाण्याची घागर मी भरायची नाही, गिरधर भरेल, असं लिहितात. वर टोमणा, "तेहतीस कोटी देव कमी पडले म्हणून आणखी तीन धरले का रे?"

तीन नाहीत, एकच आहे. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. तिघं असून एक, कोणी कोणापासून तुटत नाही. मला एवढंच कळलं, पण पक्कं कळलं.

पाद्रीसाहेबही म्हणाले, "पितरांना पाणी देणं आता सोड."

मी म्हटलं, "साहेब, बाप आणि पुत्र तुटत नाहीत, हे तुम्हीच शिकवलं."

"अरे, ते देवाचं. माणसाचं नव्हे."

"मग देवाने बाप-लेकाचं नातं घेतलंच कशाला?"

साहेब रागावून उठून गेले. जाऊ देत.

बाबांचा थोरला मीच. काकांना सांग, मी येतोय. आपल्या विहिरीला हात लावू दिला नाही, तर धुळ्याच्या स्टेशनावर घागर भरून सोनगीरच्या घरापर्यंत डोक्यावर आणीन.

तुझाच,
पुना